काळा पाषाण : विहिरीत, भिंतीत आणि बोलण्यात

शेतकऱ्यास दगडाचे कौतुक असण्याचे वास्तविक कारण नाही. नांगराचा फाळ बोथट करणारा, पेरणीच्या वेळी पाभरीस आडवा येणारा आणि विहीर पाडताना कर्जाचा मोठा हिस्सा एकट्याने खाऊन टाकणारा असा हा पदार्थ आहे. वेचून बांधावर टाकावा, तर पुढील नांगरटीस त्याचे भाऊबंद खालून वर येतात. तथापि ज्या काळ्या जमिनीचा आपण माजलगावकर एवढा अभिमान बाळगतो, ती याच दगडाची लेक आहे. आपल्या विहिरीचे पाणी, वाड्याचे जोते, देवळाचा गाभारा, बांधावरची हद्दीची खूण आणि तोंडी असलेल्या निम्म्या म्हणी, हे सर्व या काळ्या पाषाणाचे देणे आहे.

महसूल खात्यातील कारकुनीत आमची उमेद गेली. त्या निमित्ताने व पुढे निवृत्तीनंतरही तीन प्रकारच्या हकिकती आमच्या कानी वरचेवर येत गेल्या. कोठे दोन कूपनलिका कोरड्या गेल्या असता कर्ज काढून तिसरी अधिक खोल नेली आणि तीही कोरडीच गेली. कोठे गावच्या पडक्या बारवेचे घडीव चिरे ट्रॉलीत भरून विकले गेले. कोठे जमीन सपाट करताना यंत्राने हद्दीचा दगड उपटला आणि सख्खे चुलतभाऊ कचेरीच्या पायऱ्या झिजवू लागले. ही तीन दुखणी निरनिराळी दिसतात. परंतु आमच्या मते त्यांचे मूळ एकच. ज्या दगडावर आपण राहतो त्याची ओळख आपण विसरलो आहो. ती ओळख वाचकबंधूंस पुन्हा करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खडकाची उत्पत्ती व जाती

भूगर्भशास्त्रज्ञांचे मत असे की, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशात भूमीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला व पाण्यासारखा चोहोकडे पसरला. एक थर निवाला, काही काळ गेला, की त्यावर दुसरा थर येई. असे थरावर थर बसून जे पठार तयार झाले तेच आपले दख्खन. हल्ली या थरांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला असून महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाचे पाचांतील चार हिस्से त्यांवर वसले आहेत. सह्याद्रीत त्यांची जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत भरते आणि पूर्वेकडे ती कमी कमी होत जाते.

आपल्या तालुक्याच्या दक्षिणेस बालाघाटाची रांग आहे. तिच्याकडे लांबून पाहिले असता डोंगराच्या अंगावर पायऱ्या कोरल्याप्रमाणे टप्पे दिसतात. प्रत्येक टप्पा म्हणजे शिलारसाचा एक लोट होय. स्वीडनच्या भाषेत जिन्याच्या पायरीस ‘त्रापा’ म्हणतात. त्यावरून युरोपीय शास्त्रज्ञांनी या खडकास ‘ट्रॅप’ हे नाव दिले. आपल्या भाषेतही नदीत उतरण्याच्या पायऱ्या आणि डोंगराचा चढ या दोहोंस ‘घाट’ हा एकच शब्द चालतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या थरांत शेतकऱ्याने चार जाती ओळखाव्यात. लोटाच्या पोटातील दगड घट्ट, जड व काळा असतो. तो काळा पत्थर. लोटाच्या माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकून राहिल्यामुळे दगड सच्छिद्र होतो व त्या छिद्रांत पुढे पांढऱ्या स्फटिकांचे खडे भरतात. त्यास विहीर पाडणारे लोक मांजऱ्या म्हणतात. दोन लोटांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा गेरूसारखा थर सापडतो. आणि हवापाण्याने कुजून भुसभुशीत झालेला वरचा खडक म्हणजे मुरूम. दगडाचा गोळा जेथे कुजू लागतो तेथे कांद्याचे पापुद्रे सुटावेत तशी त्याची साले सुटतात, हे कोणत्याही ओढ्याच्या काठी पाहावयास मिळेल.

मुरूम आणखी झिजला की त्याची काळी होते. या पाषाणात लोह, चुना व मॅग्नेशियम हे पदार्थ भरपूर असतात. ते मातीत उतरतात. म्हणून आपली काळी कपाशीस व ज्वारीस मानवते. नत्र मात्र दगडात नसते, ते खताने अगर द्विदल पिकांनीच घालावे लागते. आणि स्फुरदही आपल्या जमिनीत पिकास कमीच मिळते. या मातीतील चिकण पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळेच. दगडातून सुटलेला चुना जमिनीच्या पोटात चुनखडीच्या खड्यांच्या रूपाने साठतो. पूर्वी हेच खडे भट्टीत भाजून, घाणीत मळून वाड्यांचा व किल्ल्यांचा चुना होत असे. म्हणजे चिरा आणि त्यास धरून ठेवणारा चुना ही दोन्ही एकाच बापाची लेकरे होत.

दगडाचा पाझर

‘दगडास पाझर फुटणे’ हा वाक्प्रचार आपण कठोर मनुष्याविषयी वापरतो. परंतु आपल्या मुलखात तो अक्षरशः खरा आहे. फक्त तो कोठे फुटतो हे जाणले पाहिजे. घट्ट काळ्या पत्थराच्या अंगात पाणी मुरत नाही. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्याच्या फटींत, दोन लोटांच्या सांध्यावर आणि खडकास पडलेल्या उभ्या-आडव्या चिरांत. पाऊस जमिनीत उतरतो, सांध्या-सांध्याने खाली सरकतो आणि जेथे घट्ट थर अडवतो तेथे आडवा वाहू लागतो. टेकडीच्या पायथ्याशी अगर ओढ्याच्या काठी तो झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतो.

यावरून विहिरीविषयी दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, आपल्याकडील बहुतेक पाणी वरच्या झिजलेल्या व भेगाळलेल्या थरात असते. जसजसे खोल जावे तसतसा वरच्या भाराने खडकाच्या चिरा मिटत जातात. खाली एखादा सच्छिद्र थर लागून पाणी मिळतेही, नाही असे नाही. परंतु तो जुगार होय. शिवाय ते पाणी भरून येण्यास फार काळ लागतो. शेजाऱ्याने दोनशे फूट घेतली म्हणून आपण चारशे फूट घ्यावी, हा हिशेब वाळूच्या प्रदेशात कदाचित चालेल, काळ्या पाषाणात चालत नाही. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात शेतीसाठी ६० मीटरहून अधिक खोल विहीर घेण्यावर बंधन घातले आहे. त्याकडे केवळ सरकारी अडवणूक म्हणून न पाहता खडकाचा स्वभाव ओळखून केलेला नियम म्हणून पाहावे.

दुसरी गोष्ट ही की, जागा निवडण्याचे पुष्कळसे ज्ञान फुकट मिळण्यासारखे आहे. आसपासच्या चार जुन्या विहिरींत उतरून मुरूम किती हात, मांजऱ्या कोठे लागला, तांबडा थर किती खोलीवर आहे, झरा कोणत्या अंगाने येतो हे मोजून लिहून ठेवावे. ओढ्याच्या कापलेल्या काठावर हेच थर उघडे दिसतात. ज्या शेतात एका रेषेत उंबराची झाडे अगर उन्हाळ्यातही हिरवे राहणारे गवत असेल, तेथे खाली सांधा असण्याचा संभव अधिक. आणि सांध्यातून पाणी जसे येते तसेच ते आतही जाते. करिता विहिरीच्या वरच्या अंगास नाल्यावर बांध घालून पाणी अडविणे हे नवीन कूपनलिकेपेक्षा कमी खर्चाचे व अधिक भरवशाचे काम आहे.

ही विद्या आपल्या पूर्वजांस उत्तम अवगत होती, याचा साक्षीदार आपल्या जिल्ह्याच्या गावी उभा आहे. बीड शहराजवळील खजिना विहीर सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळी, सलाबतखानाने बांधविली. राजा भास्कर हा तिचा रचनाकार म्हणून प्रसिद्ध आहे. विहिरीत भुयारी नळांनी पाणी येते आणि दुसऱ्या नळाने ते आपोआप शेतांकडे जाते. मोट नाही, बैल नाही, इंजिन नाही. जमिनीचा उतार व खडकातील पाण्याची वाट ओळखून केलेले हे काम चारशे वर्षांवर टिकले. सिंदफणेवरील माजलगावच्या धरणाने आपणांस कालव्याचे सुख दिले, याबद्दल कृतज्ञ असावेच. पण ज्या गावांस कालवा नाही, त्यांचा खजिना अजूनही पायाखालच्या सांध्यांतच आहे.

बांधकामातील पाषाण

काळ्या पत्थराचे वजन घनफुटास सुमारे ८० किलो भरते. पक्क्या विटेचे सुमारे ५०. वीट पाणी भराभर पिते, घट्ट पत्थर जवळजवळ पीतच नाही. म्हणून पायास, जोत्यास, विहिरीस, पुलास व धरणाच्या पाण्याकडील अस्तरास हाच दगड लागतो. तो उन्हापावसाने लवकर झिजत नाही, मात्र घडविण्यास कठीण. टाकी बोथट होते, हात भरून येतात, आणि एक चूक झाली की साऱ्या दिवसाची मेहनत फुकट जाते. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण दगडाविषयी असली तरी आमच्या मते ती पाथरवटालाही लागू आहे.

या कठीण दगडातून केवढे काम होऊ शकते हे पाहावयाचे तर वेरुळास जावे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या कारकिर्दीत कैलास लेणे एका अखंड डोंगरातून वरून खाली असे कोरून काढले गेले. तेथे दगडावर दगड रचलेला नाही. नको तो दगड काढून टाकला आणि देऊळ उरले. तेवढ्या लांब न जाताही आपल्या जिल्ह्यात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. बीडचे कंकालेश्वर मंदिर तळ्याच्या मध्यभागी उभे आहे. अंबाजोगाईस हत्तीखान्याची लेणी आहेत व सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख आहेत. धारूरचा किल्ला इ. स. १५६७-६८ च्या सुमारास किश्वरखानाने बांधविला. जिल्ह्याबाहेर धाराशिवकडे नळदुर्गास बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत १६१३ साली बांधलेला दगडी बंधारा आहे. त्याच्या पोटात पाणीमहाल असून पुराचे पाणी त्याच्या माथ्यावरून आजही कोसळते.

जुन्या देवळांच्या ज्या रचनेस आपण हेमाडपंती म्हणतो, तिचे मर्म चुन्यावाचून केलेल्या जोडणीत आहे. यादवांचा मंत्री हेमाद्री याचे नाव तिला पडले असले तरी ही पद्धत त्याच्या आधीपासून चालत आलेली होती. तीत प्रत्येक चिरा शेजारच्या चिऱ्यास अंगभर भिडेल असा घडवितात. कोठे एकास खाच व दुसऱ्यास कुसू ठेवितात. वरच्या दगडाचा भार खालच्यावर नीट उतरेल अशी मांडणी करितात. मग भारच भिंतीस घट्ट धरून ठेवितो. चुना विटेल, लाकूड कुजेल. पण ज्या सांध्यात तिसरा पदार्थच नाही तो विटणार कसा?

सर्वत्र दगडच वापरला असे मात्र नाही. आपल्याच तालुक्यात गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरी येथील देवालय विटांचे म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्या विटा पाण्यावर तरंगतात असे लोक कौतुकाने सांगतात. नदीकाठी मळईची माती मुबलक. जेथे जे उत्तम मिळते ते वापरावे, हा शहाणपणा जुन्या लोकांच्या अंगी होता.

किल्लारीचा धडा

येथवर दगडाची स्तुती झाली. आता त्याच्या नावावर जो कलंक आला त्याविषयी लिहिणे प्राप्त आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, किल्लारीच्या परिसरात, भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतील बहुतेकांचा जीव स्वतःच्या घराच्या दगडांखाली गेला. तेव्हापासून मराठवाड्यात दगडी भिंतीची जी दहशत बसली ती अद्याप पुरती गेलेली नाही.

परंतु दोष कोणाचा, हे शांतपणे पाहिले पाहिजे. ती घरे दोन-तीन फूट रुंद भिंतींची होती. भिंतीच्या बाहेरील अंगास व आतील अंगास दगडाचे दोन स्वतंत्र पडदे उभे करावयाचे आणि मध्ये चिपा, माती व लहान दगड भरावयाचे, अशी रीत होती. दोन्ही पडद्यांस बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला असे. दगड बहुधा अनघड व गोल, जोडणी मातीची, आणि माथ्यावर माळवदाच्या मातीचा दरवर्षी वाढत गेलेला भार. जमीन हलताच दोन पडदे दोहोंकडे फुटले व माळवद खाली आले. म्हणजे दगडाने माणसे मारली नाहीत. दगडा-दगडांतील तुटलेल्या नात्याने मारली.

आपल्या खेड्यांत अशी घरे अद्याप पुष्कळ आहेत आणि त्यांत माणसे निजतात. म्हणून हे चार नियम वाचकांनी आपल्या गवंड्यास वाचून दाखवावेत. भिंतीच्या प्रत्येक दोन फूट उंचीस, चार-चार फुटांच्या अंतराने, भिंतीच्या रुंदीएवढा आरपार दगड बसवावा. तो न मिळाल्यास सिमेंट काँक्रीटचा ओतून घालावा. कोपऱ्यावर लांब दगड आलटून पालटून दोन्ही भिंतींत जावेत. जोडणी मातीची न करिता चुन्याची अगर सिमेंटची करावी, आणि दारांच्या माथ्यावरून घरास चोहोबाजूंनी सळईचा काँक्रीटचा पट्टा फिरवावा. माळवदावरील जादा माती उतरवून छप्पर हलके करावे. जुने घर पाडून नवे बांधण्याची ऐपत नसेल, त्याने निदान हे शेवटचे काम या उन्हाळ्यातच करावे. त्यास केवळ श्रम लागतात.

बोलण्यातील पाषाण

आता भाषेकडे वळू. ज्या पदार्थाशी माणसाचा नित्य संबंध, त्याचे शब्द भाषेत फार. दगड, धोंडा, गोटा, खडा, खडक, कातळ, शिळा, पत्थर, पाषाण, चिरा, खांडकी, डबर, खडी, कच असे कितीएक शब्द आपण वापरतो आणि त्यांत गल्लत करीत नाही. शेतात असतो तो दगड, वाड्यात बसला की तो चिरा. डोक्यास लागतो तो धोंडा, पोळीत लागतो तो खडा. गुळगुळीत असला की गोटा. औरंगाबाद, म्हणजे हल्लीचे छत्रपती संभाजीनगर, मलिक अंबरने १६१० साली वसविले तेव्हा त्याचे नाव खडकी होते. खडकाळ जागेचे गाव एवढाच त्याचा अर्थ.

दगडास भाषेत बहुधा दूषणेच मिळाली. मठ्ठ मुलास दगड म्हणावे, निर्दयास पाषाणहृदयी म्हणावे, नको असलेले काम गळ्यातील धोंड व्हावे, आणि स्वतःचे नुकसान करणाराने पायावर धोंडा पाडून घ्यावा. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ म्हणून आपण दोन वाइटांतून कमी वाईट निवडतो. पण याच भाषेत एक हळवा कोपरा आहे. ज्या घरात मुले जगत नसत, तेथे नव्या लेकराचे नाव दगडू अगर धोंडू ठेवीत. काळाची दृष्ट पडू नये आणि दगडासारखे ते टिकावे, हा त्या आईबापांचा नवस. पूर्वीच्या हक्काच्या कागदांत अशी नावे पदोपदी आढळत. ती वाचताना त्या नावामागील दुःख ध्यानी आल्यावाचून राहत नसे. अधिक मासास आपण धोंड्याचा महिना म्हणतो, जावयास धोंडे जेवू घालतो, आणि त्याच महिन्यात पुरुषोत्तमपुरीस यात्रा भरते. पाऊस ओढ धरतो तेव्हा गावची पोरे लिंबाचा पाला नेसून धोंडीच्या नावानेच दारोदार पाणी मागतात.

‘काळ्या दगडावरची रेघ’ ही म्हण तर आपल्या मातीतच उगवलेली आहे. हा पाषाण बारीक कणांचा व गडद असल्यामुळे टाकीने ओढलेली रेघ त्यावर पांढुरकी उठून दिसते आणि पिढ्यान्‌पिढ्या राहते. म्हणून न बदलणाऱ्या शब्दास ही उपमा. अलिबागजवळील आक्षी येथील शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख मराठीच्या अगदी जुन्या कालनिर्दिष्ट लेखांत गणला जातो. आपली भाषा कागदावर टिकण्याच्या आधी दगडावर टिकली, असे म्हणण्यास हरकत नाही.

आणखी एक मौज सांगण्यासारखी आहे. या खडकाचे विलायती नाव ‘बेसाल्ट’. सोन्याची परीक्षा करण्याच्या काळ्या दगडास ग्रीक लोक ‘बासानोस’ म्हणत. त्यावरून झालेला लॅटिन शब्द ग्रंथ उतरविणाऱ्यांच्या चुकीने बदलला आणि १५४६ साली आग्रिकोला या जर्मन पंडिताने तो काळ्या खडकास लावला, असे शब्दशास्त्रज्ञ मानतात. आपल्याकडे सोनाराच्या त्याच काळ्या दगडास संस्कृतात निकष व मराठीत कसोटी म्हणतात. सोन्याची रेघ त्यावर ओढून कस पाहावयाचा. सोन्याचा कस आणि जमिनीचा कस हा एकच शब्द आपण वापरतो. दूरच्या दोन देशांत काळा दगड आणि खऱ्याखोट्याची पारख या दोन गोष्टी अशा एकत्र आल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ज्यांनी हा दगड फोडला व घडविला, त्यांचे नावही येथे घेतले पाहिजे. वडार, बेलदार, पाथरवट आणि जात्यास टाकी लावीत गावोगाव फिरणारे टकारी, यांच्या घामावाचून आपले एकही जोते उभे राहिले नसते. तथापि त्यांच्या नावे जमीन क्वचितच चढली. आणि १९७२ च्या दुष्काळात तर जमीनदार व मजूर हा भेदही फारसा उरला नाही. ज्यांच्या घरी एरवी सालगडी असत, त्या घरच्या बायकाही रस्त्याच्या कडेस बसून खडी फोडीत होत्या. त्या वर्षी काळीने दिले नाही, ते काळ्या दगडाने दिले.

हद्दीचा दगड आणि गावची बारव

आता आमच्या खात्याच्या विषयाकडे येतो. यादव राजा रामचंद्र याच्या काळचा शके १२३२, म्हणजे इ. स. १३१० चा दानाचा ताम्रपट पुरुषोत्तमपुरी येथे सापडला आहे. राजाचे दान तांब्यावर लिहिले जाई. गावांत मात्र अनेक ठिकाणी जमिनीच्या दानाचे दगड उभे करीत आणि दान मोडणारास शाप म्हणून त्यावर गाढवाचे ओंगळ चित्र कोरीत; त्यांस गद्धेगाळ म्हणतात. चित्र ओंगळ खरे, पण हेतू साधा होता. ज्यास अक्षर येत नाही, त्यासही हद्द कळावी आणि तिचे भय वाटावे.

पुढे जमाबंदीची मोजणी झाली तेव्हा शापाच्या जागी कायदा आला. दगड मात्र तोच राहिला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हद्दीच्या खुणा जपण्याची जबाबदारी जमीनधारकावर टाकली असून खूण मोडणारास दंड सांगितला आहे. बांधाच्या तंट्यांचे जे कागद आमच्या हाताखालून गेले, त्यांत हात-दीड हात जमिनीसाठी त्या जमिनीच्या किमतीहून अधिक पैसा खर्ची पडलेला आम्ही पाहिला. जेथे जुना दगड जागेवर होता तेथे तंटा लवकर मिटे. जेथे तो हलला होता तेथे मोजणीवर मोजणी होऊनही मनातील गाठ सुटत नसे. हद्दीचा दगड दोन शेतांस वेगळे करितो हे खरे, पण दोन शेजाऱ्यांस एकत्र ठेवणाराही तोच होय. करिता यंत्राने जमीन सपाट करण्यापूर्वी दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून खुणेभोवती चुन्याचे रिंगण घालावे आणि यंत्रचालकास ते दाखवावे.

शेवटी बारवेविषयी. बारवेच्या चिऱ्यास आज ब्रासच्या, म्हणजे १०० घनफुटांच्या, भावाने गिऱ्हाईक मिळते. आणि टेकडी खडी करणाऱ्या यंत्रास दिली तर दोन-चार वर्षे पैसा येतो. अडचणीतील मनुष्यास हा मोह पडतो, त्यास आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु हिशेब पुरा करावा. विक्रीसाठी दगड काढावयाचा तर परवाना व सरकारी स्वामित्वधन लागते, आणि पुरातन शिल्पांचा व शिलालेखांचा परवान्यावाचून व्यापार करण्यास १९७२ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. ही झाली कायद्याची बाजू. पाण्याची बाजू त्याहून मोठी. टेकडीचा मुरूम व भेगाळलेला माथा हाच पाऊस मुरण्याचा रस्ता. तो खरवडला की पायथ्याच्या विहिरी आटतात, आणि त्या बहुधा दुसऱ्यांच्या असतात. बारवेची जागा तर शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी पाण्याचा सांधा पाहूनच निवडलेली असते. तिचा गाळ काढणे हे नवी विहीर पाडण्यापेक्षा केव्हाही स्वस्त. परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातील वालूर येथे गावकऱ्यांनी आपली नागमोडी पायऱ्यांची बारव श्रमदानाने मोकळी केली. ते लोक आपल्याहून निराळे नाहीत.

तात्पर्य, काळा पाषाण हा नुसता कठीण पदार्थ नव्हे. त्याचे सर्व बळ सांध्यात आहे. सांधा ओळखला तर विहिरीस पाणी, सांधा साधला तर भिंतीस आयुष्य, आणि सांधा राखला तर शेजारधर्म. आमची सूचना इतकीच की, येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने एक वही घालावी. तीत गावातील बारवा, जुन्या विहिरी व त्यांतील थरांची मापे, हद्दीचे मुख्य दगड, वीरगळ व शिलालेख यांची नोंद करावी, आणि ज्या घरांच्या भिंतींत आरपार दगड नाहीत त्यांचीही यादी करावी. दोन सुशिक्षित तरुण व एक जुना वडार गवंडी बरोबर घेतला तर हे काम आठ दिवसांचे आहे. वही तयार झाली की तिची एक नक्कल ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी, म्हणजे पुढे ट्रॉली गावात आली असता काय जाऊ द्यावयाचे व काय नाही, हे कोणास विचारावे लागणार नाही.